पायरीचे मागणे

पंढरपूरला विठ्ठलमंदिराच्या पूर्वेकडील महाद्वाराशी पहिली पायरी लागते, ती नामदेवांची. देवदर्शनाला येणाऱ्या संतसज्जनांची पायधूळ आपल्यावर पडावी, एवढेच मागणे मागून नामदेवांनी या पायरीशी समाधी घेतली, असे परंपरा सांगते. तो काळ शके १२७२ चा, म्हणजे इ. स. १३५० चा. ज्यांची कीर्ती पंजाबापर्यंत पोहोचली आणि ज्यांच्या पदांना पुढे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात स्थान मिळाले, त्या महापुरुषाने अखेरीस देवाजवळ मागावे काय? सभामंडपातील जागा नव्हे, गाभाऱ्याचे सान्निध्यही नव्हे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखालचा दगड होण्याचे भाग्य!

आज मात्र या पायरीवर कोणी पाय ठेवीत नाही. ती पितळी पत्र्याने मढविलेली आहे. तिच्यावर फुले वाहिली जातात आणि वारकरी तिच्यापुढे मस्तक टेकवून, तिला चुकवून आत जातो. भाविकांच्या या वागण्यात गैर काही नाही. त्यात निखळ आदर आहे. तरीही त्यातील विपर्यास ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्यांनी पाय मागितले, त्यांना आपण फुले दिली. आणि त्याच वेळी गावोगावच्या देवळांत आपण दुसऱ्या एका प्रकारचे दगड बसवीत आलो. ‘अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक यांजकडून रुपये इतके’ असा मजकूर कोरलेल्या संगमरवरी फरशा आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. एक दगड तुडविला जावा म्हणून बसविलेला, दुसरा वाचला जावा म्हणून. सेवा आणि सेवेची अपेक्षा यांमध्ये अंतर किती, हे समजून घ्यायला या दोन दगडांपलीकडे फार दूर जाण्याचे कारण नाही.

फळाची आशा न धरता, नम्रपणे देवाची सेवा करावी, हा उपदेश आपण इतक्या वेळा ऐकला आहे की त्याने आता कोणी दचकत नाही. कीर्तनात तो असतो, शाळेच्या फळ्यावरील सुविचारात असतो आणि सत्कारसमारंभातील भाषणात तर हमखास असतो; तोही बहुधा शाल आणि श्रीफळ स्वीकारल्यानंतर! म्हणूनच या उपदेशाकडे एकदा सरळ नजरेने पाहायला हवे. निष्काम सेवा म्हणजे नेमके काय? ती माणसाला साधते कशी? आणि मुख्य प्रश्न असा की, ती कोणी कोणाकडून मागावी?

नवस आणि सेवा

देवाशी केलेल्या व्यवहाराची थट्टा करणे सोपे आहे. पोर तापाने फणफणलेले असताना आई देवीला खणानारळाची ओटी बोलते, परीक्षेच्या सकाळी विद्यार्थी मारुतीला एक फेरी जास्त घालतो, बदलीचा हुकूम रद्द व्हावा म्हणून एखादा कारकून संकष्टी धरतो. सुशिक्षित मंडळी याला देवाला दिलेली लाच म्हणून हसतात. परंतु अगतिक माणसाचे मागणे आणि व्यापाऱ्याचा सौदा यांत फरक करायला हवा. ज्याच्या हातात काही उरलेले नाही, त्याने वर पाहून हात पसरणे यात पाप नाही. नवस हा अर्ज आहे, आणि अर्ज करणारा निदान आपण अर्जदार असल्याचे लपवीत तरी नाही.

खरी अडचण सुरू होते ती ज्याला आपण सेवा म्हणतो तेथे. अर्ज करणाऱ्याच्या मनात एकच इच्छा असते. सेवा करणाऱ्याच्या मनात मात्र नकळत एक वही उघडली जाते. आपण इतकी वर्षे उत्सवात राबलो, इतक्या पालख्यांना खांदा दिला, इतक्या पारायणांना बसलो, याची त्या वहीत नोंद होत राहते. मग एखाद्या वर्षी आरतीचे ताट भलत्याच्याच हाती गेले की ती वही एकदम बाहेर निघते. ‘एवढे करून आमच्या वाट्याला काय आले?’ हा प्रश्न ज्या दिवशी ओठांवर येतो, त्या दिवशी कळते की सेवेच्या नावाने आपण केवळ ठेव ठेवीत होतो आणि आता तिचे व्याज मागत आहोत.

वारकरी पंथाने हा धोका फार पूर्वी ओळखला असावा. वारी हे नवस फेडण्याचे साधन नव्हे, अशीच त्या पंथाची धारणा आहे. आळंदीपासून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट माणूस ऊनपावसात चालतो. आणि आषाढी एकादशीला दर्शनाची रांग आवाक्याबाहेर गेली, तर कळसाला हात जोडून परत फिरतो. एवढे चालून देवाचे मुख दिसले नाही म्हणून तो तक्रार करीत नाही. चालणे हीच त्याची सेवा होती आणि ती पुरी झालेली असते. पुढल्या वर्षी पुन्हा यायचे, एवढाच त्याचा करार. त्या कराराला दुसरा पक्ष नाही.

सेवेची मिळकत होते तेव्हा

पण ज्या पंढरपुरात हा वारकरी कळसाला नमस्कार करून परततो, त्याच पंढरपुरात ‘सेवा’ या शब्दाचा दुसराही एक इतिहास घडला आहे. विठ्ठलाच्या नित्योपचारांसाठी पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे आणि डांगे अशी सात सेवाधाऱ्यांची घराणी होती. त्यांच्याखेरीज विठ्ठलमंदिरात बडवे आणि रुक्मिणीमंदिरात उत्पात होते. कोणी देवाला स्नान घालावे, कोणी मंत्र म्हणावे, कोणी मशाल धरावी, कोणी चांदीची काठी घेऊन उभे राहावे, अशी कामांची वाटणी होती. मुळात या सगळ्या सेवाच. परंतु पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, सेवेबरोबर उत्पन्न आले, उत्पन्नाबरोबर हक्क आला आणि हक्काबरोबर कज्जेदलाली आली. देवाच्या पायांशी उभे राहण्याचा मान हा वारसाहक्काने उतरणारा, वाटण्या होणारा आणि न्यायालयात भांडला जाणारा विषय झाला. अखेर राज्य शासनाला १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरांसंबंधी कायदा करून हे वंशपरंपरागत हक्क रद्द करावे लागले. त्याची अंमलबजावणी १९८५ मध्ये सुरू झाली आणि वादावर शेवटचा पडदा पडला तो २०१४ च्या जानेवारीत, सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने. कायदा झाल्यापासून चाळीस वर्षे देवाच्या सेवेचा वाद चालला!

हा इतिहास सांगण्यात त्या घराण्यांना दूषण देण्याचा हेतू नाही. त्यांत निष्ठावान माणसेही होऊन गेली असतील. सांगायचे एवढेच की, हे कोण्या एका व्यक्तीच्या लोभाने घडत नाही. देवाच्या जवळ राहून सेवा करणाऱ्याला कालांतराने ते जवळ असणेच आपले वाटू लागते. प्रथम तो दाराशी उभा असतो. मग दार त्याचे होते. आणि शेवटी आत कोणाला सोडायचे, हे तो ठरवू लागतो. हाच प्रवास लहान प्रमाणात आपल्या गल्लीतील मंडळात, देवळाच्या विश्वस्त समितीत आणि भजनी मंडळाच्या चिटणिसाच्या वागण्यातही दिसत नाही काय?

याहून सूक्ष्म असा आणखी एक मोबदला आहे. पैसा नको, मान नको, नाव नको, असे म्हणणाऱ्याला ‘किती निःस्पृह माणूस!’ हे शब्द मात्र हवेसे वाटू शकतात. नम्रतेचाही अभिमान असतो आणि तो उतरविणे सगळ्यांत कठीण. कारण तो बाहेरून नम्रतेसारखाच दिसतो. मग प्रश्न पडतो की, माणसाचे मन जर असे असेल, तर निष्काम सेवा शक्य तरी आहे काय?

गाडगेबाबांची व्यवस्था

या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत शोधण्याऐवजी एका अलीकडच्या चरित्रात शोधावे, असे मला वाटते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर १९०५ मध्ये घर सोडून निघाले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर असतानाच, त्यांची यात्रा संपली. मधल्या अर्धशतकात महाराष्ट्राने त्यांना गाडगेमहाराज म्हणून ओळखले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि जवळ एक फुटके गाडगे, एवढा त्यांचा संसार. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा आणि रात्री त्याच गावाच्या मनातली अडगळ कीर्तनाने झाडायची, हा त्यांचा क्रम.

गाडगेबाबांच्या निःस्पृहतेची वर्णने पुष्कळ झाली आहेत. मला त्यांच्या चरित्रात महत्त्वाची वाटते ती त्यांची व्यवस्था. आपल्या मनात अपेक्षा उत्पन्नच होणार नाही, असा दावा करीत ते बसले नाहीत. अपेक्षा उत्पन्न झाली तरी तिला फळ मिळू नये, असा बंदोबस्त त्यांनी केला. कीर्तन आटोपले की पाया पडायला गर्दी लोटणार, म्हणून ते गर्दीच्या हाती लागत नसत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, हे त्यांनी वारंवार सांगितले. गादीच नसल्यामुळे तिला वारसही उरला नाही. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या, मुंबईत रुग्णांच्या नातलगांसाठी निवारे झाले. पण लक्षावधी रुपयांच्या या इमारतींत आपल्या घरच्या माणसांना त्यांनी आसरा दिला नाही, ही गोष्ट त्यांचे चरित्रकार आवर्जून नोंदवितात. त्यांची पत्नी झोपडीत राहिली. एकुलता मुलगा वारल्याची बातमी कीर्तनाच्या वेळी आली, तरी कीर्तन थांबले नाही, असेही सांगतात. या कठोरपणाची झळ घरच्या माणसांना लागली असणार, हे विसरून चालणार नाही. पण एक गोष्ट मान्य करावी लागते: आपल्या सेवेचे फळ आपल्या दारात येणारच नाही, अशा रीतीने त्यांनी दारच ठेवले नव्हते.

निष्कामता ही भावना आहे, असे आपण समजतो आणि मग ती मनात टिकत नाही म्हणून खंतावतो. बाबांच्या चरित्रावरून असे दिसते की, ती भावनेपेक्षा शिस्त अधिक आहे. मन हिशेब ठेवणारच. निदान वहीवर आपले नाव घालू नये, हे आपल्या हाती असते. प्रत्येक गावात अशी एखादी वृद्धा असते, जी पहाटे कोणी उठण्यापूर्वी देवळाचे अंगण झाडून जाते. लोक काकड्याला येतात तेव्हा सडा घातलेला असतो, पण सडा घालणारी तेथे नसते. तिने गीता वाचलेली नसेल, पण गर्दीच्या आधी येऊन गर्दीच्या आधी निघून जाण्याची युक्ती तिला साधलेली असते. निष्काम कर्माचा याहून सोपा धडा मला ठाऊक नाही.

बाबांच्या वागण्यातील आणखी एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. भाकरी घेण्यापूर्वी ते यजमानाचे काहीतरी काम करीत. फुकट खाणे त्यांना मान्य नव्हते. म्हणजे श्रमाला अन्न मिळावे, हे त्यांना मंजूर होते. श्रमाबद्दल पूजा मिळावी, हे नामंजूर होते. मजुरी आणि बक्षीस यांत त्यांनी गल्लत होऊ दिली नाही. ही गल्लत आपण मात्र सर्रास करतो, आणि तीही सोयीने करतो.

दुसऱ्याची निष्कामता

नामदेवांच्या पायरीसमोरच एक समाधी आहे. ती चोखामेळ्यांची. विठ्ठलाची इतकी निरपेक्ष भक्ती फार थोड्यांनी केली असेल. आणि तरीही महाद्वाराच्या आत पाऊल ठेवण्याची त्यांना मुभा नव्हती. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून इतर मजुरांबरोबर चोखोबा गाडले गेले, तो काळ शके १२६० चा, म्हणजे इ. स. १३३८ चा. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला आणल्या, असे परंपरा सांगते. पण त्यांच्या समाजाला मंदिराचे दार उघडले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींनी मे महिन्यात दहा दिवस प्राणांतिक उपोषण केल्यावर. मधे सहाशेहून अधिक वर्षे गेली.

या सहाशे वर्षांत चोखोबांच्या निष्काम भक्तीचे गुणगान थांबले होते, असे नाही. कीर्तनांतून त्यांच्या कथा रंगत होत्या. काहीही न मागणारा भक्त म्हणून त्यांचा गौरव होत होता. आणि ज्यांनी त्यांना बाहेर ठेवले, त्यांना हा गौरव फार सोयीचा होता. ज्याने काही मागितले नाही, त्याला काही द्यायचे राहिले नाही, असा निष्कर्ष काढून समाज मोकळा झाला. देवाजवळ न मागणे हा भक्ताचा मोठेपणा. पण त्याचे रास्त देणे बुडविणे हा समाजाचा अपराध, आणि पहिल्या गोष्टीने दुसरी धुऊन निघत नाही. गाडगेबाबांना हे अचूक कळले होते. पंढरीच्या वाळवंटात ज्यांना पाठ टेकायला जागा मिळत नसे, त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळ्यांच्या नावाची धर्मशाळा उभारली आणि पुढे, १९४९ मध्ये, ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. चोखोबांची स्तुती करीत न बसता त्यांनी चोखोबांच्या लेकरांसाठी छप्पर घातले.

चोखोबांची गोष्ट जुनी झाली, असे कोणी म्हणेल. पण ‘सेवा’ हा शब्द आजही कोठे कोठे वापरला जातो, ते पाहावे. २००० साली महाराष्ट्रात शिक्षण सेवक योजना आली. पदवी आणि प्रशिक्षण घेतलेल्या तरुणाने पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीऐवजी ठरावीक मानधनावर शिकवावे, अशी ती योजना. प्राथमिक शाळेतील शिक्षण सेवकाला महिना सहा हजार रुपये मिळत. ते सोळा हजार झाले २०२३ मध्ये. गावोगावच्या बालकांना पोषण आणि पहिली अक्षरे देणाऱ्या अंगणवाडीताईंनाही आपण ‘सेविका’ म्हणतो. बालविकास योजना १९७५ पासूनची. पण या सेविका ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले २०२२ मध्ये. जेथे पगार द्यावयाचा तेथे मानधन आणि जेथे नोकरी म्हणावयाचे तेथे सेवा, ही भाषा निर्मळ नाही. खासगी संस्थांतूनही ‘आपले कार्य हे व्रत आहे’ असे सांगून पगार लांबविल्याच्या कथा शिक्षकांना नव्याने सांगायला नकोत.

या लेखाचा आग्रह एवढ्यासाठीच आहे. फळाची अपेक्षा न धरणे, हे व्रत फक्त स्वतःपुरते घेता येते. ते दुसऱ्यावर लादता येत नाही. आपल्या सेवेचे मोल मागू नये, ही नम्रता. पण दुसऱ्याच्या सेवेचे मोल देऊ नये, ही लबाडी. जो मालक, जी संस्था किंवा जे शासन आपल्या माणसांना निष्काम कर्माचा उपदेश करते, त्याने प्रथम स्वतःच्या हिशेबाच्या वह्या तपासून पाहाव्यात. गीतेने कर्मफळाचा लोभ सोडायला सांगितले ते कर्म करणाऱ्याला. करवून घेणाऱ्याला दिलेली ती माफी नव्हे.

मागावे तर काय?

मग ज्यांना आपल्या परीने देवाची सेवा करावयाची आहे, त्यांनी काही मागूच नये काय? येथे ज्ञानेश्वरांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, भावार्थदीपिका पुरी झाली, तेव्हा त्यांनी आपल्या श्रमाचे फळ म्हणून प्रसाद मागितला. मराठी घरांत आणि शाळांत तो आजही म्हटला जातो. म्हणजे निष्काम भक्तीचे मोठमोठे आधारही मागत होते. पण त्या मागण्यात स्वतःसाठी काही नव्हते. दुष्टांचा दुष्टपणा जावा, जीवमात्रांत मैत्री नांदावी, ज्याला जे हवे ते त्याला मिळावे. मागणाऱ्याचे नाव वगळले की मागणे आणि सेवा यांत विरोध राहत नाही, हे पसायदानाने दाखवून दिले.

नामदेवांचे मागणेही त्याच जातीचे. पायरी स्वतः कोठे जात नाही. पण तिच्यावर पाय ठेवल्यावाचून कोणी वर चढत नाही. शाळेच्या चार भिंतींत वर्षानुवर्षे तीच बाराखडी शिकविणारा शिक्षक, ज्याच्या टिपणामुळे एखाद्या विधवेचे निवृत्तिवेतन वेळेवर सुरू होते तो कचेरीतील कारकून, मागे पडलेल्या मित्राला रात्री बसून गणित समजावणारा विद्यार्थी, हे सगळे या अर्थाने पायऱ्याच आहेत. वर गेलेली माणसे मागे वळून पाहतीलच असे नाही. आणि पाहावे, अशी अपेक्षा पायरीने धरू नये. पण पायरी झिजू लागली, तर तिची डागडुजी करणे हे मात्र देवळात जाणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे. ते कर्तव्य चुकवून तिच्यावर नुसती फुले वाहण्यात काय अर्थ?